गोधडी, आयदान आणि आपली समीक्षा

मराठी समीक्षेत गोधडी दोन कामांसाठी वापरली जाते. आईविषयीच्या लेखनाचे कौतुक करायचे असले की 'मायेची गोधडी' हा शब्दप्रयोग येतो, आणि एखाद्या पुस्तकाची रचना विस्कळीत आहे असे सुचवायचे असले की 'ठिगळांची गोधडी' हा शब्दप्रयोग येतो. पहिल्या ठिकाणी ती स्तुतीची उपमा असते, दुसऱ्या ठिकाणी निंदेची. परंतु जी वस्तू एका बाईने दिवसाची कामे उरकल्यावर घरात बसून शिवली, तिचे कापड कोठून आले, तिला किती दिवस लागले आणि तिच्यात कोण झोपले, याचा पत्ता दोन्ही ठिकाणी लागत नाही. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. त्यानंतर 'आठवणींचे पक्षी', 'उपरा', 'अक्करमाशी' अशी आत्मकथने एकामागून एक येत गेली. त्यांच्यासंबंधी 'अनुभव दाहक आहे, पण बांधणी नाही' असा सूर प्रस्थापित समीक्षेत वारंवार लागला. म्हणजे अनुभव आमचा आणि बांधणीचे माप त्यांचे, अशी ही वाटणी होती. आमच्या घरात बांधणी, जोडणी, वीण या गोष्टी रोज चालत होत्या, ही शक्यता कोणी विचारातच घेतली नाही. प्रस्तुत लेखात मला घरातल्या या हातकामाचा विचार समीक्षेचा प्रश्न म्हणून करायचा आहे.

प्रथम वस्तू नीट पाहिली पाहिजे. आमच्याकडे मराठवाड्यात तिला वाकळ म्हणतात. सुगी आणि खळी आटोपल्यावर, उन्हाळ्यात रानातले काम कमी होई तेव्हा वाकळ शिवायला घेतली जात असे. सारवलेल्या जमिनीवर जुने लुगडे अंथरायचे, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, त्यावर फाटकी धोतरे, सदऱ्यांच्या पाठी, परकराचे तुकडे एकावर एक पसरायचे, वर दुसरे लुगडे घालायचे आणि कडेपासून धावदोऱ्याने आत आत शिवत जायचे. दोन-तीन बायका कडांना बसत. विकत आणायचे ते फक्त दोऱ्याचे रीळ आणि सुई. बाकी सर्व घरातल्या घरात वापरून संपलेले असे. कोणता तुकडा कोठे घालायचा, जाड कापड पायाकडे की पाठीखाली, विरलेल्या जागेवर किती थर द्यायचे, टाका किती लांब घ्यायचा म्हणजे दोराही पुरेल आणि थरही सरकणार नाहीत, हे सारे निर्णय असतात. ज्याला सौंदर्यशास्त्र रचना म्हणते ती हीच. फरक एवढाच की या रचनेची कसोटी थंडीत लागते आणि तिचा निकाल लेकरे देतात.

आता कापडाकडे वळू. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ-श्वपचांनी प्रेतांवरची वस्त्रे वापरावीत असे विधान आहे. हा केवळ ग्रंथातला मजकूर राहिला नाही. महारकीच्या हक्कांत मढ्यावरचे कापडही होते, आणि त्याला 'हक्क' हाच शब्द होता. मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने गेली, तोवर कितीतरी घरांच्या वाकळींत हे कापड शिवले गेले होते. याशिवाय ज्यांच्या घरी राबायचे त्यांनी मजुरीच्या बदल्यात टाकलेली जुनेरी असत. तेव्हा 'गोधडीत आजीच्या लुगड्याचा वास येतो' हे वाक्य वाचताना आम्हांला विचारणे भाग आहे, कोणाच्या आजीच्या? ज्या घरात आजीचे लुगडे आजीसाठीच विकत घेतलेले असते, त्या घराची गोधडी आणि ज्या घरात लुगडे मुळात उतरलेलेच येते, त्या घराची गोधडी एक नव्हे. शिवण सारखी असेल, टाका सारखा असेल, पण कापडाचा इतिहास वेगळा आहे. 'मायेची ऊब' हा शब्द हा वेगळेपणा पुसून टाकतो, आणि म्हणूनच तो इतका लोकप्रिय आहे.

कापडाला जात असते याचा पुरावा बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये दिला आहे. महार बायकांना लुगडे नेसताना काठ दिसू द्यायची मुभा नव्हती. तो निऱ्यांत दडवावा लागे. काठ मिरवणे हा वरच्यांच्या बायकांचा मान होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, की नेसणीवरून आणि दागिन्यांवरून तुमची अस्पृश्यता ओळखू येईल असे काही अंगावर ठेवू नका. त्यामागे काठाचा हा सगळा इतिहास होता. ज्या दिवसांत मनुस्मृती जाळली गेली त्याच दिवसांत लुगड्याची नेसण बदलली, या दोन घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. वाकळ शिवताना काठ मात्र कडेला येतो, कारण लुगड्यात काठाची वीण सर्वांत दाट असते आणि शेवटी तीच टिकते. यात कोणी बाई बंड म्हणून काही करीत होती असा दावा मी करणार नाही. कामाची गरज होती म्हणून तिने तसे केले. परंतु अंगावर दडवलेला काठ अंथरुणावर उघडा होतो, ही गोष्ट समीक्षकाच्या नजरेस पडायला हवी होती.

दोऱ्याचीही अशीच कथा आहे. विदर्भात महार समाजातील अनेक कुटुंबे जाडेभरडे कापड विणून गुजराण करीत. म्हणजे विणण्याचे कसब या हातांना नवे नव्हते. पण मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्याचे दार अस्पृश्य कामगारांना बंद होते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या थुंकीचा विटाळ सवर्ण कामगारांना चालत नसे. विणाई खात्यात मजुरी अधिक होती, हेही येथे ध्यानात ठेवावे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. वर्गाच्या नावाने एक झालेला कामगार धाग्यापाशी येऊन जातीत विभागला जात होता. ज्या हातांना गिरणीत धागा जोडू दिला नाही, त्या हातांनी घरी गिरणीच्याच फाटक्या कापडाला धागा घालून पांघरूण केले. 'हस्तकला' या गोंडस शब्दात हे कसे मावणार?

आमच्या शाळकरी वयात पांढरपेशा घरांत विणकाम-भरतकाम चाले. दुपारी लोकरीचा गुंडा आणि सुया घेऊन बायका बसत, स्त्रियांच्या मासिकांत स्वेटरचे नमुने छापून येत, मुलींना शिवणकामाचा तास असे. त्या कामाला मी कमी लेखत नाही. त्या बायकांचाही वेळ घरातच अडकलेला होता, आणि त्यांच्याही श्रमाला कोणी मोल दिले नाही. परंतु त्यांच्या हाती नवी लोकर होती आणि त्यांच्या कामाला 'आवड' हे नाव होते. आमच्या घरी सुई हातात यायची ती फाटले म्हणून. एकाच सुईला एका घरात गुण म्हटले जाते आणि दुसऱ्या घरात दारिद्र्य म्हटले जाते. हा भेद सुईमुळे पडत नाही, समाजाच्या उतरंडीमुळे पडतो.

या पार्श्वभूमीवर उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) मला महत्त्वाचे वाटते. कोकणात बांबूपासून केलेल्या सुपा-टोपल्यांसारख्या वस्तूंना आयदान म्हणतात. इतरत्र हे काम बुरुड समाजाकडे असे, कोकणात ते महार समाजाकडे होते. लेखिकेची आई नवऱ्याच्या मृत्यूनंतर आयदाने विणून घर चालवीत असे. आपले लिहिणे आणि आईचे विणणे यांत एक नाते आहे, असे लेखिका स्वतः सांगते. अनेक परीक्षणकारांनी हे वाक्य उचलले आणि 'आईने बांबू विणला, लेकीने शब्द विणले' अशी गोड ओळ करून सोडून दिले. मला त्या गोडव्याची भीती वाटते. कारण याच पुस्तकात ही आयदाने घेऊन लहान मुलगी वरच्या घरांत जाते, तिला बाहेर उभे केले जाते, आयदानावर पाणी शिंपडून मग ते आत घेतले जाते आणि पैसे वरून टाकले जातात. वस्तू हवी आहे, ती केल्याशिवाय घरातले धान्य पाखडले जाणार नाही, पण ती करणाऱ्या हाताचा स्पर्श धुऊन काढायचा आहे. ग्राहक आणि कारागीर यांच्यामधले हे पाणी ज्या समीक्षेला दिसत नाही, तिने 'वीण' हा शब्द वापरू नये.

या पुस्तकाची रचना सरळ रेषेत जात नाही. आठवण पुढे येते, मागे जाते, आईवरून गावावर, गावावरून मुंबईवर, मुंबईवरून पुन्हा आईवर येते. बांबूच्या कामात उभ्या पट्ट्यांवरून-खालून आडवी पट्टी जाते आणि फेरा पूर्ण झाला की ती पुन्हा त्याच उभ्या पट्टीशी येते. ज्याला विस्कळीतपणा म्हटले जाते त्याचा उगम असा एखाद्या कामाच्या सवयीत असू शकतो. असतोच असे मी म्हणत नाही. सैल लिहिलेले पुस्तक सैलच असते, ते दलिताने लिहिले म्हणून घट्ट होत नाही. पण कोणत्या कामाच्या जवळ वाढलेला लेखक कोणती रचना करतो, हा प्रश्न विचारल्याशिवाय बांधणीचा निवाडा देणे हा समीक्षेचा आळस आहे.

येथे मला काळ्या साहित्याकडे वळावेसे वाटते. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हापासून आपण त्या साहित्याशी नाते सांगत आलो. मात्र आपण त्यातला रस्त्यावरचा आवाज जास्त ऐकला, ओसरीवरचा कमी. अ‍ॅलिस वॉकर यांची 'एव्हरीडे यूज' ही कथा १९७३ ची. दुसरीपर्यंत शिकलेली एक दणकट आई ही कथा सांगते. तिच्या दोन मुली आहेत. थोरली डी शिकून शहरात गेली आहे, धाकटी मॅगी घरीच आहे. जुने घर जळाले तेव्हा ती भाजली होती आणि तेव्हापासून बुजून राहते. डी घरी येते ती नाव बदलून, आफ्रिकी वेष घालून, कॅमेरा घेऊन. तिला आजीच्या दोन गोधड्या हव्या असतात. त्यांत आजीच्या झग्यांचे तुकडे आहेत, आजोबांच्या सदऱ्याचे तुकडे आहेत, आणि यादवी युद्धात लढलेल्या पणजोबांच्या गणवेशाचा काडेपेटीएवढा एक तुकडा आहे. डीला त्या भिंतीवर टांगायच्या आहेत. मॅगीला त्या लग्नात द्यायचे ठरले आहे, आणि मॅगी त्या रोज वापरून फाडून टाकील ही डीची तक्रार आहे. कॉलेजात जाताना आईने गोधडी देऊ केली तेव्हा मात्र ती जुनाट म्हणून डीने नाकारली होती. शेवटी आई गोधड्या ओढून घेऊन मॅगीच्या ओटीत टाकते. मॅगीला गोधडी शिवता येते. फाटली तर ती दुसरी करील.

ही कथा मी वर्गात अनेकदा शिकवली आहे, आणि विद्यार्थी बहुधा एकमुखाने डीला दोषी ठरवून मोकळे होतात. दलित वाचकाने इतक्या लवकर मोकळे होऊ नये असे माझे मत आहे. डीने नाव बदलले, कारण छळणाऱ्यांच्या नावाने तिला जगायचे नव्हते. आपणही धुळीतली नावे टाकली, १९५६ साली धर्म टाकला, मेलेले ढोर ओढणे टाकले, आणि जे टाकले ते टाकायलाच हवे होते. वारसा म्हणून जे आले ते सर्व जपायचे असे आपण मानले असते तर आजही मढ्यावरच्या कापडाला हक्क म्हणत बसलो असतो. तेव्हा डीने कॉलेजात जाताना गोधडी नाकारली यात मला गुन्हा दिसत नाही. तिची चूक पुढची आहे. जुनी वस्तू शहरात मानाची झाली तेव्हा ती वस्तूकडे परत आली, पण वस्तू करणाऱ्या आणि करू शकणाऱ्या माणसांकडे परत आली नाही. आई तिला सांगते की तुझे नाव मावशीचे होते, आजीचे होते. डी ते ऐकून घेते आणि सोडून देते. छळणाऱ्याचा इतिहास तिला पाठ आहे, आपल्या आजीचा नाही. हे कलम आपल्यातल्या शिकलेल्यांनाही लागू पडते.

माझ्या आईची गोष्ट याच संदर्भात सांगतो. माझ्या पहिल्या पगारात तिने सोलापुरी चादर घ्यायला लावली आणि ती पेटीत घडी करून ठेवली. घरी कोणी आले की वाकळी उतरंडीमागे जात आणि चादर बाहेर येई. पुढे शहरात माझ्या खोलीवर एक मित्र आला, खाटेवरच्या वाकळीचे त्याने कौतुक केले. आईला ते सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पाव्हण्याला वाकळ दावतेत का रं? त्याला वाटंल, ह्यांच्यापाशी चादर नाही." तिच्या लेखी वाकळ ही कला नव्हती, नसण्याची खूण होती, चादर ही तिची प्रतिष्ठा होती. गोधडीचे गोडवे गाणाऱ्या समीक्षेपाशी या वाक्याला उत्तर नाही. मात्र त्याच आईने नातवासाठी शेवटचे दुपटे शिवले तेव्हा तुकडे निवडायला दोन दिवस घेतले, आणि कोणाला हात लावू दिला नाही. नसण्याची लाज आणि करण्याचा अभिमान या दोन्ही गोष्टी एकाच बाईत होत्या. यांपैकी एक उचलून दुसरी टाकणे हेच आजवर होत आले आहे.

अमेरिकेत या टाकण्या-उचलण्याचा व्यापारही झाला. जॉर्जियात गुलामीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स या बाईने बायबलमधल्या प्रसंगांची एक गोधडी केली. ती विकायला तिने आधी नकार दिला, आणि हलाखीमुळे १८९१ साली पाच डॉलरला विकली. तीच गोधडी आज स्मिथसोनियन संग्रहालयात राष्ट्रीय ठेवा म्हणून आहे. अलाबामातल्या गीज बेंड येथे गुलामांच्या वंशजांची वस्ती आहे. तिथल्या लोकांनी मतदार नोंदणीसाठी धडपड सुरू केली तेव्हा, १९६२ साली, त्यांना तालुक्याच्या गावी नेणारी तर बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ साल उजाडले. त्याच परिसरातल्या बायकांनी १९६६ मध्ये 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. कामाच्या जुन्या कपड्यांतून केलेल्या गीज बेंडच्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या आणि नंतर न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयात लागल्या, आधुनिक चित्रकलेशी त्यांची तुलना झाली, २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटे निघाली. २००७ मध्ये मोबदल्याच्या प्रश्नावरून त्यांतल्या काही बायकांना न्यायालयात जावे लागले. सौंदर्य मान्य झाले तरी हिशेब आपोआप मान्य होत नाही, हा त्यातला धडा आहे. मात्र १९६६ ची सहकारी संस्था हे त्याचे दुसरे अंगही विसरू नये. बायकांनी शिवण्याचा आणि मतदानाच्या हक्काचा लढा एकाच गावात, एकाच काळात लढवला.

हे फार दूरचे वाटत असेल तर आपल्या शेजारी पाहावे. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात आफ्रिकी वंशाचे सिद्दी राहतात. त्यांच्या बोलण्यात कोकणी-मराठीची सरमिसळ आहे. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची कवंदी शिवतात. कडेपासून सुरुवात करून मध्याकडे येतात, आणि चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची 'फुले' लावतात. त्या फुलांवाचून पांघरूण अपुरे मानले जाते. थंडी अडवायला फुलाची गरज नसते, तरी ते लावले जाते. अभावातून आलेली वस्तू म्हणजे केवळ गरज, तिला सौंदर्याची जाणीव नसते, असे म्हणणाऱ्यांनी ते कोपरे पाहावेत.

आज शहरांत गोधडी पुन्हा आली आहे. नव्या कापडाचे मुद्दाम तुकडे करून ती शिवली जाते, दुकानांत टांगली जाते, 'परंपरा' म्हणून विकली जाते. वस्त्यांतल्या बायकांना यातून काम मिळत असेल तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु नगावर किती मिळते, भाव कोण ठरवतो आणि नाव कोणाचे लागते, हे आपण विचारले पाहिजे. आयदानावर पाणी शिंपडण्याची रीत बदलली, तरी करणाऱ्याचे नाव धुऊन वस्तू तेवढी आत घेण्याची रीत बदललेली नाही.

तेव्हा घरातल्या हातकामाचा उल्लेख ज्या कृतीत येईल तिच्याकडे पाहताना दलित समीक्षेने चार गोष्टी तपासाव्यात असे मी सुचवतो. कापड कोठून आले? वेळ कोणाच्या झोपेतून काढला? वस्तू कोणासाठी केली, मालकासाठी की आपल्या माणसांसाठी? आणि तिचे मोल कोणाच्या हाती गेले? तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. महारकीची कामे जातीने लादली होती. ती टाकण्यातच मुक्ती होती. आयदान पोटासाठी होते, आणि त्यात अपमान मिसळलेला होता. वाकळ मात्र कोणाच्या हुकुमाने शिवली गेली नाही. तिच्यातले कापड जातीने दिले असेल, पण ती कोणाच्या अंगावर घालायची हे बाईने ठरवले. काय टाकायचे आणि काय ठेवायचे याचा निकष येथे सापडतो.

हे प्रश्न आपल्या घरालाही विचारावे लागतील. चळवळीच्या सभांना गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मागे बायकांनी घरे सांभाळली, पांघरुणे शिवली, पाहुण्या कार्यकर्त्यांना अंथरूण दिले. चळवळीच्या इतिहासात भाषणांच्या तारखा आहेत, या कामाची नोंद नाही. शांताबाई कांबळे, बेबीताई, उर्मिला पवार यांनी लिहिले तेव्हा कोठे घराच्या आतली बाजू दिसू लागली. विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे की आत्मकथनांवर प्रबंध लिहिताना एकदा आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांकडे जावे, एखादी जुनी वाकळ समोर अंथरून घ्यावी आणि तुकड्यागणिक विचारावे, हे कोणाचे, कोठून आले, कधी फाटले. त्या सांगतील ते त्यांच्या शब्दांत, त्यांच्या नावासह लिहून घ्यावे. वाकळी धुऊन धुऊन विरत चालल्या आहेत, शिवणाऱ्या बायका थकल्या आहेत, आणि हे काम दुसरे कोणी आपल्यासाठी करणार नाही.